सौर पंप रात्री चालत नाही. मग निफाडच्या थंडीत द्राक्षबागेला पहाटे पाणी कसं द्यायचं?

पहाटेच द्यायला हवं असं नाही. पारा ५ अंशांखाली जाईल असा अंदाज आला की आदल्या दिवशी ११ ते ३ या वेळेत ठिबक चालवा. ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते आणि रात्री वेलीखाली सोडते. बोदाचा, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्याचा, वरचा अर्धा फूट ओला झाला की पुरे. मण्यात पाणी उतरलं असेल, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले असतील, तर हात आखडताच ठेवा, नाहीतर मणी तडकतात.

तीननंतर पंपाचा दाब पडतो. तेव्हा सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडू नका, शेवटच्या ओळी कोरड्या राहतात. पॅनलवरची धूळ सकाळी, काच गार असतानाच धुवा.

ओला पाचोळा पेटवून धूर मात्र कृपया करू नका. धुराने जमिनीची उष्णता फारशी अडत नाही, तो फुफ्फुसात तेवढा जातो.