कोलंबसला करमतं का?

तू लिहिलंस, जानेवारीत नवऱ्याबरोबर अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला यायचं ठरतंय, मुलगी सहा वर्षांची आहे, घर कुठल्या भागात बघू, शाळेचं कसं करू. आणि अगदी शेवटी एक ओळ, "ताई, तिथं करमतं का? खरं सांगा." ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला अगंतुगंच करते.

व्हिसा, विमा, लायसन्स यांची माहिती सरकारी साइटवर आहे, ती माझ्यापेक्षा तिथं नीट मिळेल. घर डब्लिन, हिलियर्ड, पॉवेल या बाजूला बघ, आपली माणसं तिकडं बरीच आहेत. मुलीचे बर्फातले बूट इथं आल्यावरच घे. हे झालं. करमतं का, याचं उत्तर मात्र आज मंगळवारी देणं अवघड आहे, कारण शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ ला, मिशिगनशी सामना आहे आणि रविवारपासून माझं कशात लक्ष नाही.

तुला हे विचित्र वाटेल. मलाही ११ वर्षांपूर्वी वाटलं असतं. ओहायो स्टेट आणि मिशिगन, शेजारच्या दोन राज्यांची दोन विद्यापीठं. त्यांच्या पोरांचा फुटबॉल, तोही आपला नव्हे. चेंडू लांबुळका, हातात धरून पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याकडं. पहिला सामना १८९७ साली झाला, १९१८ पासून दर वर्षी होतो, फक्त २०२० साली कोविडमुळं चुकला. आमचं कोलंबसचं स्टेडियम घोड्याच्या नालेसारखं, लाखावर माणूस बसतं. मिशिगनचं, ॲन आर्बर गावातलं, त्याहून मोठं. खेळाच्या आधी या दोन राज्यांचं टोलेडो गावावरून सीमेचं भांडण झालं होतं, १८३५ साली. टोलेडो ओहायोला मिळालं. कोल्हापूरच्या माणसाला सीमेचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

मी शिवाजी पेठेतली. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुणची फुटबॉलची मॅच पाटाकडील तालमीशी असली की बाबा सकाळी नुसता चहा घ्यायचे. आई ताट वाढायची, ते म्हणायचे, "आल्यावर." हरून आले की ताट तसंच झाकलेलं राहायचं. मला तेव्हा आईचा राग यायचा, की ती आग्रह का करत नाही. आता शनिवारी सकाळी माझ्या घरात पोहे होतात आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. हे त्यांना सांगायचं राहिलं.

शाळेचं सांगते, ते अजून सलतंय.

आम्ही २०१४ च्या ऑगस्टमध्ये आलो. शाळेत नाव घालताना एक फॉर्म देतात, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. मी मराठी लिहिलं, दुसरं काय लिहिणार? त्यावरून मुलीची इंग्रजीची परीक्षा घेतली. नवा देश, नवी बाई, समोर अनोळखी माणूस. पोर तोंड उघडेना. कोल्हापुरात इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत गेलेली मुलगी, पण कागदावर "इंग्रजी येत नाही" असं आलं आणि रोज तासभर तिला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत न्यायला लागले. नेमका गोष्टीच्या तासाला. ती विचारायची, "आई, मलाच का नेतात?" मी तीनदा शाळेत गेले. तिन्ही वेळा गोड बोलून परत पाठवलं. दोन वर्षं चाललं ते.

त्यातच नोव्हेंबर आला. एक दिवस ती दप्तर न काढता दारात उभी राहिली. गळ्यात पुठ्ठ्याचं नावाचं कार्ड होतं, वर्गात सगळ्यांना दिलेलं. तिचं नाव एम अक्षरावरून सुरू होतं. त्या एमवर लाल चिकटपट्टीची जाड फुली मारलेली. ती म्हणाली, "माझं नाव चुकलंय."

सायंकाळभर ती कार्ड काढू देईना आणि मला काही सुचेना. नवरा ऑफिसमध्ये. शेवटी मी तिला उचललं आणि शेजारच्या बाईंचं दार वाजवलं, ज्यांच्याशी तोवर नुसती मान हलवण्याची ओळख होती. सत्तरीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी कार्ड बघितलं आणि खाली वाकून मुलीला सांगितलं, की मिशिगनच्या आठवड्यात या गावात एम हे अक्षर कुणी ठेवत नाही. विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक एमवर अशी लाल फुली असते. त्या राज्याचं नावही घेत नाहीत, "वरची टीम" म्हणतात. मग त्यांनी फ्रिजवरची वाणसामानाची यादी दाखवली. दुधाच्या मिल्कमधल्या एमवरही फुली होती. मुलगी पहिल्यांदा हसली. बाईंनी तिच्या हातावर एक बकाय ठेवलं. पीनट बटर आणि पिठीसाखरेचा लाडू, चॉकलेटात बुडवलेला, वरचा गोल तेवढा उघडा ठेवलेला. बकाय ही ओहायोच्या झाडाची बी, ती तशीच दिसते. मुलीला ते दाण्याच्या लाडवासारखं लागलं आणि तिने दुसरं मागितलं, मराठीत. बाईंना बरोबर कळलं.

त्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडं बसून सामना बघितला. आपण जिंकलो, ४२-२८. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा, जे.टी. बॅरेट चौथ्या सत्रात घोटा मोडून पडला आणि ती बाई अशी रडली जसं घरातलं पोर पडलं. पुढं जानेवारीत तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला, कार्डेल जोन्सला घेऊन ओहायो स्टेटने देशाचं विजेतेपद मिळवलं. तो हिवाळा मी एकेक सामना मोजत काढला.

एकटं वाटतं का, असंही तू आडून विचारलंयस. वाटतं. त्याचं फार काही करता येत नाही, मंडळात जा, गणपतीला जा, चालायला जा.

आणि एक चूक माझी, ती तू करू नकोस. शाळेतल्या त्या प्रकारानंतर मी घरात मराठी बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच घाबरले. जेवताना, झोपताना, रागवतानाही इंग्रजी. चार वर्षं. मुलीचं इंग्रजी तेवढ्यात पक्कं झालंच असतं, पण माझ्या मोडक्या इंग्रजीत मला तिला जवळ घेता यायचं नाही. आता ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. बाबा शेवटच्या आजारात फोनवर तिच्याशी बोलायचे, ती "हो आजोबा" एवढंच म्हणायची आणि फोन माझ्याकडं द्यायची. तर फॉर्मवर मराठी लिही, खरं तेच लिही, परीक्षेच्या वेळी शक्य झालं तर मुलीची ओळखीची बाई तिथं असू दे म्हणून हट्ट धर, त्यांनी दुसऱ्या खोलीत नेलं तर नेऊ दे, पण घरातली भाषा हलवू नकोस.

कामाचंही सांगायला हवं. तू इंजिनिअर आहेस म्हणून. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागं बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, आलीस की त्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर होईपर्यंत तुला सहसा नोकरी करता येणार नाही. मला चार वर्षं लागली. मग कामाचं कार्ड मिळालं, एका लहान कंपनीत ड्रॉइंग तपासायचं काम मिळालं, मन रमलं. २०२१ साली कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी करूनही नवं कार्ड वेळेत आलं नाही आणि मला घरी बसवलं. आदल्या दिवशी माझं टेबल मी फडक्याने पुसून आले. तो नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. त्याच शनिवारी ॲन आर्बरला बर्फात आपण ४२-२७ हरलो, आणि मी पोट दुखेपर्यंत रडले. नवरा म्हणाला, "अगं, खेळ आहे." मला त्याला सांगता आलं नाही, की नोकरीसाठी रडायला मला लाज वाटत होती, या हरण्यासाठी मोकळेपणी रडता येत होतं.

तेव्हापासून आपण जिंकलेलो नाही. २०२२, २०२३, २०२४. चार वेळा. मधलं २०२२ चं ४५-२३ आणि २०२३ चं ३०-२४ मी पचवलं. गेल्या वर्षीचं पचत नाही. ते दुबळे होते, सहा विजय, पाच पराभव. आपण देशात दुसरे. आणि आपल्याच मैदानात १३-१०. मुलगी आणि मी तिथंच होतो, नवऱ्याला ऑफिसातून दोन तिकिटं मिळाली होती. ४५ सेकंद उरलेले असताना त्यांनी किक मारून तीन गुण घेतले. मग त्यांनी आपल्या मधोमध झेंडा रोवायला आणला, मारामारी झाली, पोलिसांनी डोळ्यांत झोंबणारा फवारा मारला. वरच्या बाकांवर कुणी हलेना. पुढं जानेवारीत आपण अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून देशाचे विजेते झालो, गावात आनंद झाला, मीही पेढे वाटले. तरी त्या १३-१० चा डाग निघाला नाही.

यंदा आपण एक नंबर आहोत. अकराच्या अकरा जिंकलेत. बचाव असा, की कुठल्याच टीमला १६ च्या वर गुण घेता आलेले नाहीत. ज्युलियन सेयिन नवखा क्वार्टरबॅक, पण त्याचा चेंडू सहसा चुकत नाही. काळजी आहे ती जेरेमाया स्मिथ आणि कार्नेल टेट यांची. चेंडू झेलणारे आपले दोन्ही मोहरे दुखापतीमुळं गेल्या शनिवारी रटगर्सविरुद्ध बसून होते. ४२-९ जिंकलो, पण रटगर्स म्हणजे मिशिगन नव्हे. मिशिगनचा क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड पहिल्या वर्षाचा पोरगा आहे, त्याला धावू दिलं नाही आणि उंच फेकायला लावलं तर आपण जिंकू. आपल्या रायन डे यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांना २०१९ साली एकदाच हरवलंय. मला वाटतं, यंदा जिंकू. दहा गुणांनी तरी.

हे मी काल शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या आता ८१ वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, १९६९ लाही आपण एक नंबर होतो, सामना यंदासारखाच ॲन आर्बरला होता, सगळे हेच म्हणत होते. २४-१२ हरलो. म्हणून त्या काल रात्री झोपल्या नाहीत. मीही नाही.

आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. माझी मुलगी बारावीत आहे. तिने १ नोव्हेंबरला मिशिगनला अर्ज टाकलाय. इंजिनिअरिंगला. कोलंबसलाही टाकलाय, पण तिला जायचंय तिकडं. तीन तासांचा रस्ता आहे, २३ नंबरचा महामार्ग सरळ जातो. मला अंतराचं भय नाही. आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे, २१ पूर्ण झाली की ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल आणि तिला स्वतःच्या विद्यार्थी व्हिसावर राहावं लागेल, या देशात सहाव्या वर्षापासून वाढलेल्या मुलीला. तुझी मुलगीही सहाची आहे. १५ वर्षं फार वाटतात, पण हा हिशोब नवऱ्याला इथं येण्याआधी करायला लाव. पहिल्याच महिन्यात कंपनीशी ग्रीन कार्डचं बोलायला लाव. आमची लाजून दोन वर्षं गेली.

अर्ज पाठवल्यावर ती माझ्याजवळ आली. हातात ते जुनं कार्ड होतं, तिने जपून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं. लाल पट्टी वाळून कडेने उचकटलेली. तिने ती सोलली. खाली एम होता, पुठ्ठ्याचा रंग तेवढा फिका. मला म्हणाली, "आई, चालेल ना?" मराठीत. मी हो म्हटलं. ते मनापासून होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी ती आपलाच लाल शर्ट घालणार आहे, ते तिने आपणहून सांगितलंय. आम्ही तिघं बाईंकडं जाणार. सामना दुपारी बाराला, तुमच्याकडं रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. तेव्हा फोन करू नकोस. रविवारी कर, घरभाड्याचं आणि शाळेच्या हद्दीचं मी नकाशा समोर घेऊन सांगेन.