कायरल कॉलम नसताना सायक्लोडेक्स्ट्रिन वापरून इनॅन्शिओमर वेगळे होतात का? अल्फा, बीटा, गॅमापैकी कोणतं घ्यावं?

होतात. (इनॅन्शिओमर म्हणजे एकाच रेणूची आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपं, आर आणि एस. कायरल कॉलम म्हणजे ती वेगळी करणारी महागडी नळी, आणि सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजचं कडं.) पण खरं सांगायचं तर नुसत्या ‘कोणतं घ्यावं’साठी मी लिहायला बसलो नसतो. तुमचे गाइड सायक्लोडेक्स्ट्रिनला ‘गरिबाचा कॉलम’ म्हणतात असं तुम्ही खाली लिहिलंय ना, ते वाचून बसलो.

मी निपाणीचा. काकांची तंबाखूची वखार, त्यामुळे निकोटीन पुस्तकात भेटायच्या आधी नाकात भेटलं. पुढं बेळगावात एका खाजगी लॅबमध्ये होतो, तिथं एका व्यापाऱ्याचं निकोटीनचं सॅम्पल आलं. तंबाखूच्या भुकटीतून काढलेलं आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या परदेशातल्या गिऱ्हाइकाला खात्री हवी होती की यात कारखान्यात बनवलेलं निकोटीन मिसळलेलं नाही. झाडात तयार होतं ते जवळजवळ सगळं एस-निकोटीन, आर नावापुरतं. साध्या रीतीनं संश्लेषण केलं तर दोन्ही निम्मे-निम्मे. तेव्हा आर किती आहे ते मोजायचं, एवढंच काम.

आमच्या साहेबांनी पोलॅरिमीटर, म्हणजे द्रावण प्रकाशाची पातळी किती फिरवतं ते मोजणारं यंत्र, लावला, आकडा बरा आला, म्हणाले द्या रिपोर्ट. अहो, पोलॅरिमीटर सगळ्याची बेरीज दाखवतो! निकोटीन हवेतलं पाणी ओढून घेतं. आकडा थोडा उतरला तर तो पाण्यानं उतरला की आरमुळं, हे कसं कळणार? मी म्हटलं, कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर (केसासारख्या नळीत विजेच्या दाबानं रेणू वेगळे करणारी पद्धत) सल्फेटेड बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घालून बघूया. साहेब सगळ्यांसमोर हसले. “मक्याच्या पिठानं रेणू वेगळे करणार का तू? लाखभराचा कॉलम मागवू, तोवर गप बस.”

हो, पिठापासूनच होतं ते. स्टार्चवर ठरावीक जिवाणूंचं एन्झाइम सोडलं की साखळीचे तुकडे पडून त्यांची टोकं जुळतात आणि कडं तयार होतं. सहा ग्लुकोजचं अल्फा, सातचं बीटा, आठचं गॅमा. फ्रान्सच्या व्हिलिए नावाच्या शास्त्रज्ञानं १८९१ मध्येच हे स्टार्चमधून वेगळं काढलं होतं. कड्याच्या पोकळीला पाण्याचं वावडं, बाहेरून मात्र ते पाण्यात विरघळतं. ग्लुकोज सगळं डी-रूपातलं, म्हणून रेणूचं एक रूप आत जरा घट्ट बसतं, दुसरं जरा सैल. आणि साहेबांच्या लाखाच्या कॉलममध्ये काय भरलेलं असतं? बहुतेक वेळा सिलिकावर चढवलेलं अमायलोजचं नाहीतर सेल्युलोजचं कार्बामेट. अमायलोज म्हणजे स्टार्चच की ओ! डब्यावर छापील नाव असलं की ते विज्ञान, आणि बाटलीत भुकटी असली की पीठ.

एका फार्मसी कॉलेजात ग्रँटमधून घेतलेलं यंत्र कापड घालून ठेवलेलं होतं. तिथला टेक्निशियन गोकाकचा, माझं कन्नड मोडकं आणि त्याचं मराठी त्याहून मोडकं, पण यंत्र त्याच्या हातातलं. पन्नास मायक्रॉनच्या कॅपिलरीवरचं तपकिरी आवरण त्यानं लायटरनं बोटाच्या नखाएवढं जाळलं, मेथॅनॉलच्या बोळ्यानं काजळी पुसली, झाली डिटेक्टरची खिडकी. व्होल्टेज दिलं आणि म्हणाला, “सर, करंट बरवल्दु,” म्हणजे येत नाही. आत बुडबुडा अडकला होता. सोडियम हायड्रॉक्साइडनं धुतलं, बफर परत गाळून घेतला, करंट आला. फॉस्फेट बफर, पीएच अडीच, पोलॅरिटी उलटी, कारण सल्फेटेड कडं ऋणभारित असतं आणि निकोटीनला ॲनोडकडं (धन टोकाकडं) ओढत नेतं. रेसिमिक (दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असलेल्या) स्टँडर्डची दोन शिखरं सुटी दिसली तेव्हा त्या टेक्निशियन अण्णानं मला चहा पाजला. व्यापाऱ्याच्या सॅम्पलमध्ये एक उंच शिखर आणि शेजारी जेमतेम उंचवटा. माल झाडाचा वाटत होता. रिपोर्ट मात्र पोलॅरिमीटरच्या आकड्यावरच गेला, आणि पुढं कॉलमही आलाच.

आता तुमचं. रेणू कोणता ते तुम्ही लिहिलंच नाही, त्यामुळे मोघम सांगतो. बीटापासून सुरुवात करा, बहुतेक औषधांच्या रिंगा त्यात बसतात. एकच बेंझिन रिंग असेल तर अल्फाही बघा, मोठ्या रेणूला गॅमा. साधं बीटा पाण्यात लिटरला साडेअठरा ग्रॅमच्या आसपासच विरघळतं, म्हणजे सोळा मिलिमोलरच्या पुढं गाडी जात नाही. त्यापुढं हायड्रॉक्सिप्रोपिल किंवा मिथाइल रूप घ्या. जास्त घातलं की जास्त वेगळं होतं असं अजिबात नाही. रेणू आणि कड्याच्या प्रत्येक जोडीला एक योग्य संहती (द्रावणातलं प्रमाण) असते आणि तिच्यापुढं फरक उलट कमी होतो, हे रेन आणि रो या संशोधकांनी १९९२ मध्ये गणितानं मांडलंय. रेणू बेसिक असेल तर कमी पीएचवर बिनभाराचं कडं चालतं. रेणूवर भारच नसेल तर भारित कडंच लागेल, नाहीतर दोन्ही रूपं एकाच वेगानं निघून जातील. कॅपिलरीत प्लेट-संख्या (वेगळं करण्याच्या ताकदीचं माप) लाखात जाते, म्हणून घट्ट-सैलचा जरासा फरकही पुरतो. नाही जमलं तर फक्त वायल (बफरची छोटी बाटली) बदलायची. कॉलम नाही जमला तर काय बदलणार, गाइड?

तरी दोन गोष्टी कबूल करतो. रोजच्या क्वालिटी कंट्रोलला कॉलमच बरा, कारण कॅपिलरीत प्रकाशाचा मार्ग इतका आखूड की अगदी कमी प्रमाणातली अशुद्धी यूव्ही डिटेक्टरवर दिसत नाही. सल्फेटेड मालात लॉटनुसार सल्फेटचं प्रमाण बदलतं, म्हणून लॉट नंबर वहीत लिहा आणि प्रोजेक्ट संपेस्तोवर पुरेल एवढं एकदमच घ्या. हो, आणि आता कारखान्यातही शुद्ध एस-निकोटीन बनतं, तेव्हा आर नाही म्हणून माल झाडाचाच, असं आज म्हणता येणार नाही. त्याला रेडिओकार्बन चाचणी लागते, कार्बन झाडाचा की खनिज तेलाचा ते सांगणारी. कॉलेजात फक्त एचपीएलसी (कॉलममधून द्रव दाबानं सोडणारं यंत्र) असेल तर सायक्लोडेक्स्ट्रिन मोबाइल फेजमध्येही, म्हणजे त्या वाहत्या द्रवातही, घालता येतं, पण भुकटी फार खर्ची पडते. आणि काहीही वापरलं तरी संध्याकाळी पाण्यानं धुवून ठेवा, बफर आत सुकला की कॅपिलरी चोंदलीच.