आयटीआयच्या समितीवर उद्योगाच्या वतीने कोणाला पाठवावे?

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा सुटे भाग तयार करण्याचा कारखाना असून तेथे 40 कामगार आहेत. एका शासकीय आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर घेण्यासाठी लघुउद्योगांमधील एक नाव द्यावे, असे त्या समितीच्या उद्योग भागीदार कंपनीने आमच्या संघटनेला कळविले आहे. कार्यकारिणीसमोर दोन नावे आहेत. पहिले नाव एका ज्येष्ठ उद्योजकांचे आहे. त्यांचा शब्द वसाहतीत मानला जातो, परंतु कारखान्याचा कारभार आता त्यांचे चिरंजीव पाहतात. दुसरे नाव 12 कामगारांची टूलरूम (साचे व हत्यारे बनविणारी कार्यशाळा) स्वतः चालविणाऱ्या एका भगिनींचे आहे. बहुतेकांचा कल पहिल्या नावाकडे आहे. निवड करताना नेमके काय पाहावे? – एक उद्योजक, अंबड

उत्तर : आपल्या पत्रातील ‘कारभार आता चिरंजीव पाहतात’ या वाक्याने मला थांबविले, कारण माझ्या मते निर्णयाचे मर्म तेथेच आहे. ज्येष्ठांविषयी आपल्याला वाटणारा आदर योग्यच आहे. मात्र हे सन्मानाचे पद नसून कामाचे पद आहे, आणि ज्याला येत्या सहा महिन्यांत स्वतः माणसे भरती करावयाची आहेत, अशा व्यक्तीनेच ते घ्यावे, असे मला वाटते.

याचे कारण समितीच्या रचनेत आहे. 2007-08 साली केंद्र सरकारने देशातील 1396 शासकीय आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुधारण्याची योजना आणली. त्या योजनेनुसार व्यवस्थापन समिती ही नोंदणीकृत संस्था असते. उद्योग भागीदार किंवा त्याचा प्रतिनिधी तिचा अध्यक्ष असतो, स्थानिक उद्योगांतील चार सदस्य हा भागीदार सुचवतो, पाच सदस्य राज्य शासन नेमते आणि प्राचार्य पदसिद्ध सदस्य-सचिव असतात. अशा प्रत्येक समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्यात आले. पहिली दहा वर्षे परतफेडीची सवलत आणि त्यापुढे वीस वर्षांत समान वार्षिक हप्ते, अशी त्याची अट होती. म्हणजे आपला प्रतिनिधी ज्या टेबलाशी बसणार आहे तेथे सूचनांबरोबरच कर्जाचा, यंत्रखरेदीचा आणि 20 टक्क्यांपर्यंत प्रवेशांचाही विचार होतो. आयटीआयमधील कोणता व्यवसाय (ट्रेड) म्हणजे अभ्यासक्रम सुरू ठेवावा, कोणता नव्याने सुरू करावा, याविषयीची सूचना येथूनच वर जाते.

आता प्रत्यक्ष बैठकीची कल्पना करा. प्राचार्य विचारतात, ‘टर्नरच्या मुलांना आणखी काय शिकवायला हवे?’ ज्यांनी बऱ्याच वर्षांत मुलाखत घेतलेली नाही ते सांगतील की मुलांमध्ये शिस्त हवी. ते खोटे नाही, पण त्यावरून निदेशकाला, म्हणजे शिकविणाऱ्याला, सोमवारी वर्गात काय बदलायचे हे कळत नाही. टूलरूम चालविणाऱ्या भगिनी सांगू शकतील की गेल्या भरतीत आलेल्या मुलांना मायक्रोमीटर वाचता येत होता पण ड्रॉइंगवरील टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) अर्थ लावता येत नव्हता, किंवा सीएनसीवर (संगणक-नियंत्रित यंत्रावर) तयार प्रोग्राम चालविता येत होता पण टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देता येत नव्हता. अशा एका वाक्यातून अभ्यासाचे दोन आठवडे बदलू शकतात, आणि त्या दोन आठवड्यांनी सिन्नर किंवा दिंडोरीहून एसटीने येणाऱ्या एखाद्या मुलाची पहिली नोकरी टिकू शकते. म्हणूनच मी या प्रश्नाला इतके महत्त्व देतो.

लघुउद्योगातील व्यक्तीच का, हेही कार्यकारिणीला समजावून सांगावे. मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र असते, त्यामुळे नवख्या मुलाला सहा महिने घडविणे त्यांना परवडते. सातपूर-अंबडच्या लहान शेडमध्ये मात्र नव्या मुलाला पहिल्या महिन्यातच यंत्रावर उभे करावे लागते आणि त्याच्या हातून बिघडलेल्या जॉबचा (घडविल्या जाणाऱ्या भागाचा) खर्च मालकाच्या खिशातून जातो. आयटीआयमध्ये काय शिकविले जाते, याची झळ ज्यांना सर्वांत आधी लागते त्यांचा आवाज समितीत सहसा सर्वांत क्षीण असतो.

दुसरी कसोटी उपस्थितीची आहे. मला जवळून माहीत असलेल्या एका समितीत उद्योगातील तीन सदस्य सलग बैठकांना आले नाहीत. खरेदीचे ठराव पुढे ढकलले गेले, रक्कम मुदत ठेवीत पडून राहिली आणि वेल्डिंगची मुले जुन्या संचावरच शिकून बाहेर पडली. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. सगळेच कामात होते. म्हणून नाव पाठविण्यापूर्वी संबंधितांना सरळ विचारा की महिन्यातला अर्धा दिवस देता येईल का. टूलरूमच्या मालकिणीला हा अर्धा दिवस ज्येष्ठांपेक्षा महाग पडेल, हेही खरे आहे. तेव्हा त्यांना आग्रह करताना संघटनेनेही काही भार उचलावा. वसाहतीतील दहा-बारा कारखान्यांकडून भरतीच्या अडचणी लिहून घेऊन त्यांच्या हाती द्याव्यात, आणि बैठकीचे इतिवृत्त संघटनेच्या पुढच्या सभेत वाचले जावे. असे झाले तर प्रतिनिधी स्वतःच्या शेडपुरते न बोलता वसाहतीच्या वतीने बोलेल.

तिसरी बाब हितसंबंधांची आहे. आपला उमेदवार यंत्रे, हत्यारे किंवा कच्चा माल विकत असेल, तर त्या खरेदीच्या चर्चेत त्याने बसू नये आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ही अट शिफारसपत्रातच लिहा, म्हणजे पुढे कोणाला वाईट वाटणार नाही.

ज्येष्ठांना कसे सांगावे, हा आपला न विचारलेला प्रश्न मला दिसतो. त्यांच्याकडे जाऊन मोकळेपणाने बोला. अनुभवी फिटर आणि टूलमेकर यांची व्याख्याने आयटीआयमध्ये ठेवण्यास त्यांचा शब्द फार उपयोगी पडेल, आणि ते काम समितीच्या खुर्चीपेक्षा कमी मोलाचे नाही.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात पॅकेजिंगचा लहान व्यवसाय करते. तेथील चेंबर ऑफ कॉमर्स तिचे नाव स्थानिक ‘वर्कफोर्स बोर्ड’साठी सुचविणार आहे. हे मंडळ काय असते? तिने होकार द्यावा का? – एक पालक, गंगापूर रोड

उत्तर : वरील प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतले. तेथील 2014 च्या केंद्रीय कायद्यानुसार रोजगार आणि प्रशिक्षणासाठी मिळणारा सरकारी निधी स्थानिक पातळीवर कसा वापरायचा, हे ठरविण्यात या मंडळांचा मोठा वाटा असतो. मंडळातील निम्म्याहून अधिक सदस्य व्यवसायांचे प्रतिनिधी असावे लागतात, किमान 20 टक्के कामगारांच्या बाजूचे असतात आणि अध्यक्ष व्यवसाय-प्रतिनिधींमधूनच निवडला जातो. स्थानिक व्यापारी संघटना नावे सुचवितात आणि त्या भागाचा प्रमुख लोकनियुक्त पदाधिकारी नेमणूक करतो. प्रतिनिधी हा मालक, मुख्य अधिकारी किंवा धोरण अथवा भरती ठरविण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ असावा, असे कायदाच सांगतो. किमान दोन जण लघुउद्योगांचे असावेत, अशीही नियमात तरतूद आहे. स्वतःला थेट आर्थिक लाभ होईल अशा विषयावर सदस्याला मतदान करता येत नाही.

आपली कन्या स्वतः मालक आहे आणि माणसे स्वतः निवडते, तेव्हा तिचे नाव पुढे येणे स्वाभाविक आहे. ही नोकरी नाही. बैठकींना वेळ देता येत असेल तर तिने अवश्य होकार द्यावा, मात्र आधी एखाद्या बैठकीला श्रोता म्हणून जाऊन यावे. तेथील कायद्यानुसार मंडळाचे कामकाज जनतेसाठी खुले असावे लागते.

प्रश्न : समितीवर आमचा माणूस गेला म्हणजे आम्हाला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतील, अशी चर्चा सातपूरमध्ये ऐकली. हे खरे आहे का? – एक लघुउद्योजक, सातपूर

उत्तर : या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 आणि त्याखालील नियमांनुसार, कंत्राटी कामगार धरून 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, मग तिचा माणूस समितीवर असो वा नसो. 4 ते 29 मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेसाठी ते ऐच्छिक आहे. अंबडच्या वरील पत्रलेखकांकडे 40 कामगार असल्याने त्यांना किमान 1 आणि कमाल 6 उमेदवार घेता येतील. आपली संख्या किती आहे ते आपण कळविलेले नाही. मोजताना ठेकेदारामार्फत आलेली माणसे वगळू नका.