सरोगसी की दत्तक?
मूल हवंय, पण सरोगसी करावी की दत्तक घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. आधी दोघांनी बसून ठरवा: रक्ताचं नातं तुम्हाला खरंच किती महत्त्वाचं वाटतं? फारच वाटत असेल तर सरोगसीचा विचार करा. त्यात आयव्हीएफने, म्हणजे प्रयोगशाळेत बीजांड फलित करून, तयार केलेला भ्रूण दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढवतात. पण प्रत्येक भ्रूण रुजतोच असं नाही, आणि गरोदरपणाचे सगळे धोके ती स्त्री पत्करते, हे कृपया विसरू नका. कायदेही देशागणिक वेगळे. परदेशातून दत्तक घेण्यासाठी १९९३ चा हेग करार आहे, सरोगसीसाठी तसा कुठलाच नाही.

दत्तकात चौकशी, गृहभेट आणि प्रतीक्षा. थोडं मोठं मूल स्वीकारणार असाल तर ती बहुधा कमी होते. मात्र मूल न झाल्याचं दुःख ताजं असताना अर्ज भरायची घाई करू नका, असं मला मनापासून वाटतं.