डीप हाउस ट्रॅकसाठी माझा साधा आवाज खोल, जाडसर आणि प्रोसेस्ड कसा करू? (मुंबईत घरीच रेकॉर्ड करतो)

पिच (सुराची उंची) आणि फॉर्मंट (घसा-तोंडाच्या आकारामुळे आवाजाला येणारा रंग) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळी मेख तिथेच आहे. नुसता पिच ५ सेमीटोन (म्हणजे ५ अर्धस्वर) खाली ओढला तर सूर उतरतो. घसा मोठा वाटायला फॉर्मंट खाली लागतो. सूर ट्रॅकच्या पट्टीत ठेवायचा असेल तर पिचला हात न लावता फक्त फॉर्मंट २-३ सेमीटोनने उतरवा. लिटल ऑल्टरबॉय या प्लगिनमध्ये दोन्हींची वेगळी बटणं आहेत, लॉजिक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या व्होकल ट्रान्सफॉर्मरमध्येही.

मला जास्त आवडते ती जुनी टेपवाली युक्ती: १२४ बीपीएमचा (मिनिटाला १२४ ठोके) ट्रॅक सुरासकट वेगवान करून १४७ वर वाजवा, त्यावर गा, मग सगळं पुन्हा हळू करा. आवाज ३ सेमीटोन उतरतो आणि शब्दही जडावतात. प्लगिनला ही सुस्ती जमत नाही.

मूळ आवाजाखाली एक ऑक्टेव्ह (सप्तक) उतरवलेली प्रत अगदी हळू आवाजात ठेवा. तिला थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती, जिने वरचे हार्मोनिक्स तयार होतात) द्या, नाहीतर फोनच्या स्पीकरवर ती गायब. दोन्ही थर साधारण १०० हर्ट्झखाली कापा. तिथे किक (बास ड्रमचा ठोका) राहते. रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) यांना किकवरून साइडचेन, म्हणजे किक वाजली की ते आपोआप दबतील.

रेकॉर्डिंग रात्री उशिरा, लोकल थांबल्यावर, पंखा बंद करून, मागे गोधडी टांगून. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या) माइकच्या जवळ गायलात की बास आपोआप वाढतो. पॉप फिल्टर ('प', 'ब'चे फुंकर-धक्के अडवणारी जाळी) मात्र हवाच.