वाचक विचारतात : जुन्या बाजारातला व्हर्निअर

प्रश्न : मुलगा आयटीआयला फिटर शिकतोय. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले ओळखीचे म्हणतात, पुण्याच्या जुन्या बाजारात चांगला व्हर्निअर (जाडी, व्यास बारकाईनं मोजायची सरकती पट्टी) स्वस्तात मिळतो. फसायला होतं असंही ऐकलंय. कसा पारखावा?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : घ्या, पण पहिला तासभर खिशात हात घालू नका. मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. रात्रीच्या गाडीनं निघालात तर माल मांडतानाच पोचाल, आणि पाहण्यासारखं तेव्हाच असतं. एखाद्या ताडपत्रीवर टॅप, रीमर, ड्रिल, कानशी असा एकाच कामाचा माल उतरला, तर तो बहुधा बंद पडलेल्या वर्कशॉपचा लॉट. असा पथारीवाला व्हर्निअर फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि भाव सोडत नाही. नळाच्या तोट्या, चार्जर आणि व्हर्निअर एकाच ढिगात असेल तर भाव पडतो खरा, पण आदळून आदळून टोकं गेलेली असतात. पॉलिश पेपरनं चकचकीत केलेला तर उचलूच नका. गंजाबरोबर रेघाही घासल्या जातात. आणि पट्टीवर कोरलेला कारखान्याचा नंबर नुकताच घासून काढलेला दिसला, तर गुमान पुढं चला.

आता पारख. जॉ (वस्तू पकडणारे जबडे) पुसून मिटवा, उजेडासमोर धरा. मुळाशी बंद आणि टोकाशी उजेड, म्हणजे तो गेला. बरेच जण टोकानंच माप घेतात, त्यामुळं झीज तिथंच. फट नाही, नुसतं शून्य जुळत नाही, तर घाबरू नका. तेवढा फरक प्रत्येक मापात धरता येतो. मग स्लाइड (पट्टीवरचा सरकता भाग) शेवटपर्यंत सरकवा. सुरुवातीचे पन्नासेक मिलिमीटर जास्त वापरले जातात, पट्टी तिथं झिजते. विकणाऱ्यानं स्क्रू आवळून तो ढिलेपणा झाकला असेल, तर पुढं स्लाइड अडकते.

बेळगावातूनच ६२०२ नंबरचं नवं बेअरिंग खिशात घालून न्या. बाहेरचा व्यास ३५ मिमी, भोक १५ मिमी. मोठ्या जॉनी ३५ आणि वरच्या लहान जॉनी १५ मोजा. ०.०२ मिमीपर्यंत मोजणाऱ्या व्हर्निअरवर एका रेघेपर्यंतचा फरक चालेल. जाडी ११ मिमी असते, पण तिला टॉलरन्स (चालणारी तफावत) मोठा, म्हणून तिच्यावरून निवाडा नको.

प्रश्न : तिथंच मायक्रोमीटरही (स्क्रू फिरवून बारीक माप घ्यायचं साधन) घ्यावा का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ० ते २५ मिमीचा जरूर घ्या. तोंडं पुसून रॅचेटनं (दाब बेताचा ठेवणाऱ्या टोकाच्या खटक्यानं) मिटवा. शून्य थोडं हललं असेल तर स्लीव्ह (रेघा असलेली आतली नळी) पान्यानं फिरवून जुळतं. थिंबल (हातानं फिरवायची बाहेरची नळी) २५ पर्यंत फिरवा, मध्येच जड गेलं तर आटे बिघडलेत. २५ ते ५० चा मात्र सोबतच्या २५ मिमी दांड्याशिवाय घेऊ नका, त्याचं शून्य त्यावरच तपासायचं असतं.