पुस्तक कच्चे की मी कच्ची?

"पुस्तक समजत नाही, ते वाईट आहे की मीच कमी पडते?" हा प्रश्न गणिताचे विद्यार्थी बहुधा खाली मान घालून विचारतात, आणि उत्तर त्यांनी मनाशी आधीच स्वतःच्या विरुद्ध देऊन टाकलेले असते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तो घेऊन आली, तेव्हा तिच्याकडे ॲनालिसिसची, म्हणजे सीमा आणि संततता यांचा काटेकोर अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेची, दोन पुस्तके होती. एक नवे, जाडजूड, रंगीत आकृत्यांचे आणि तिच्या ऐपतीच्या मानाने महाग. दुसरे ग्रंथालयातले, पातळ, पाने पिवळी पडलेले. जाड पुस्तक वाचताना सगळे कळल्यासारखे वाटे, पण परीक्षेत एकही सिद्धता पुरी होत नसे. पातळ पुस्तकाचे एक पान उलटायला दोन तास लागत. पैसे वाया गेले, ही खंत वेगळीच.

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे गणित शिकवले असल्यामुळे, नुसता धीर देण्याऐवजी मी तिला दोन्ही पुस्तकांत एकच प्रमेय काढायला सांगितले: बंदिस्त (दोन्ही टोके धरून असलेल्या) आणि सीमित अंतरालावर संतत असलेले फल (फंक्शन) तेथे एकसमान संततही असते, म्हणजे किमतींतला फरक हवा तितका लहान ठेवण्यासाठी बिंदू किती जवळ घ्यावेत, याचे एकच माप सगळ्या अंतरालभर चालते. जर्मन गणिती एडुआर्ड हाइने यांनी याची सिद्धता १८७२ साली छापली. प्रमेय तेव्हापासून बदललेले नाही, त्यामुळे केवळ नव्या आवृत्तीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी थांबावे, असे मला वाटते. पुष्कळदा स्वाध्यायांचे क्रमांकच तेवढे बदललेले असतात.

"अंतराल बंदिस्त नसेल तर काय बिघडते, हे यांपैकी कोणते पुस्तक दाखवते?" मी विचारले. जाड पुस्तकात सुरेख आकृती होती, मात्र सिद्धता "या पुस्तकाच्या कक्षेबाहेरची" म्हणून गाळली होती. पातळ पुस्तकात सिद्धतेखाली एकच ओळ होती: ० ते १ या खुल्या अंतरालावर १/क्ष हे फल तपासा. आम्ही कागद घेतला. क्ष म्हणून १/न आणि १/(न+१) हे बिंदू घेतले, तर न वाढेल तसे ते एकमेकांच्या हवे तितके जवळ येतात, पण तेथील किमती न आणि न+१, म्हणजे फरक कायम १. एप्सिलॉन (किमतींतल्या फरकाची मर्यादा) १ घेतला, तर कोणताही डेल्टा (बिंदूंमधल्या अंतराची मर्यादा) पुरत नाही. "मग दोन तास लागले ते यासाठी," ती पुटपुटली.

पातळ पुस्तक निर्दोष होते, असे मात्र नाही. दोन ठिकाणी "हे उघड आहे" असे म्हणून लेखकाने जी पायरी ओलांडली होती, ती उघड करायला मला स्वतःला अर्धे पान खर्चावे लागले, आणि नवख्या वाचकावर हा अन्यायच आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितले. जाड पुस्तकही टाकाऊ नव्हते. व्याख्येआधी चित्र डोळ्यांसमोर उभे करण्याचे काम ते चोख करत होते. विकण्याचा विचार तिने सोडला.

महिन्याभराने ती पुन्हा आली. दोन एकसमान संतत फलांचा गुणाकार एकसमान संतत असतो हे सिद्ध करा, असा पातळ पुस्तकातला एक स्वाध्याय तिने तीन दिवस झटून सोडवायचा प्रयत्न केला होता. चौथ्या दिवशी तिने क्ष ला क्ष नेच गुणले: संपूर्ण वास्तव रेषेवर क्ष एकसमान संतत आहे, क्ष चा वर्ग नाही. स्वाध्यायात फलांसाठी "सीमित" (ज्यांच्या किमती एका ठरावीक मर्यादेतच राहतात) हा शब्द छापायचा राहिला होता. या वेळी तिने मान खाली घातली नव्हती. पुस्तक ग्रंथालयाचे असल्याने समासात काही न लिहिता तिने त्या पानात एक चिठ्ठी ठेवली होती. तीवर तो एकच शब्द होता.